डिजिटल मिक्सरचे आउटपुट कसे लावावेत

डिजिटल मिक्सरच्या मागे सॉकेटवर ‘३’ असा आकडा छापलेला असला, तरी तेथून कोणता आवाज बाहेर पडेल हे आपणच ठरवून द्यायचे असते. बेहरिंगर एक्स ३२ हा आपल्याकडे सर्रास दिसणारा मिक्सर घेऊन, नाट्यगीतांच्या कार्यक्रमासाठी हे काम कसे करावे ते पाहू.

सुरुवात कागदावर करावी. गायिकेचा मॉनिटर (कलाकाराला मंचावर आवाज ऐकवणारा स्पीकर) बस १ (बस म्हणजे निवडक आवाज एकत्र करून पुढे नेणारी वाट), हार्मोनियमचा बस २, तबल्याचा बस ३, बाल्कनीखालच्या रांगांचा स्पीकर मॅट्रिक्स १ (बस आणि मुख्य आवाज यांतून तयार होणारी आणखी एक वाट) आणि सभागृहासाठी मुख्य डावा-उजवा, असे लिहून प्रत्येकापुढे सॉकेटचा क्रमांक मांडावा. मिक्सरवरही बसना हीच नावे द्यावीत.

मग सेटअपमध्ये मॉनिटरच्या बस प्री-फेडर कराव्यात, म्हणजे त्यांना जाणारा आवाज चॅनलच्या फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधी घ्यावा; फेडरच्या नंतर घेतला तर तो पोस्ट-फेडर. येथे बस दोन-दोनच्या जोडीने बदलतात, त्यामुळे बस ४ ही आपोआप बस ३ सोबत जाईल. मॉनिटर प्री-फेडर करणे टाळू नये, कारण पोस्ट-फेडर ठेवल्यास सभागृहासाठी गायिकेचा फेडर थोडा वर करताच तिच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्येही तिचा आवाज तितकाच चढतो आणि ऐन तानेत शिट्टी वाजते. रिव्हर्बकडे (आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टकडे) जाणारी बस मात्र पोस्ट-फेडरच ठेवावी. नाहीतर फेडर खाली आणल्यावरही रिव्हर्ब मागे घुमत राहतो.

आता राउटिंगचे, म्हणजे कोणता सिग्नल कोठे जाईल ते ठरवण्याचे, बटण दाबावे. येथे दोन टप्पे आहेत आणि बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. ‘आउट १-१६’ या पानावर आउट १ ला बस १, आउट २ ला बस २ असे उगम नेमून द्यावेत आणि सिग्नल पोस्ट-फेडर घ्यावा, म्हणजे बसच्या मास्टर फेडरने मॉनिटरचा आवाज हाताळता येतो. पण हे सोळा आउट अजून कोणत्याही सॉकेटपर्यंत पोहोचलेले असतीलच असे नाही. मिक्सरच्या मागच्या सॉकेटसाठी ‘एक्सएलआर आउट’ या पानावर ते चार-चारच्या गटाने जोडावेत. मंचावर स्टेजबॉक्स (मिक्सरला एका केबलने जोडलेली सॉकेटची पेटी) असेल, तर त्या जोडणीच्या, म्हणजे ‘एईएस ५०’ च्या पानावर आठ-आठच्या गटाने. एका कार्यक्रमात मी हा दुसरा टप्पा विसरलो होतो. पडद्यावर बसचा मीटर व्यवस्थित नाचत होता आणि मंचावरचे तिन्ही मॉनिटर गप्प होते. केबल बदलण्यात पंधरा मिनिटे गेली.

अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावेत. त्यानंतर सगळे मास्टर फेडर खाली ठेवून, एका वेळी एकच वर घेत मंद आवाजात तपासणी करावी आणि सहकाऱ्याला प्रत्यक्ष त्या स्पीकरपाशी उभे करावे.

बाल्कनीखालचा स्पीकर मुख्य स्पीकरपेक्षा २४ मीटर पुढे असेल, तर त्याच्या आउटला सुमारे ७० मिलिसेकंदांचा डिले (उशीर) द्यावा, कारण आवाजाला दर मीटरला जवळपास २.९ मिलिसेकंद लागतात. हा डिले न दिल्यास शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि गाण्याचे शब्द कळत नसतील तर नाट्यगीत ऐकण्यात काय उरते?

शेवटी सीन (मिक्सरच्या सगळ्या मांडणीची नोंद) सेव्ह करून त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. सीनमध्ये राउटिंगही साठवलेले असते. म्हणून दुसऱ्या नाट्यगृहातला जुना सीन उघडला, की वरील दोन्ही पाने पुन्हा तपासावीत.