सात्या खुडू नका, उकरून काढा
गोंदिया-गडचिरोलीकडे पावसाळ्यात जाणत्या माणसासोबत सात्या, म्हणजे वाळवीच्या वारुळाशी उगवणारी खायची रानअळंबी (मशरूम), ओळखायला निघालात, तर छत्री वरून खुडू नका. खुरप्यानं बुडाशी माती अलगद उकरा. वारुळावरच्या सात्याचा देठ मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. बुडाशी पिशवीसारखं आवरण दिसलं तर ती टोपलीत नकोच! सर्वांत घातक अळंब्यांची ती खूण, आणि ते विष शिजवूनही जात नाही. सोबत शिजवलेला लसूण काळा पडला तरच अळंबी विषारी, ही परीक्षा साफ खोटी.

घरी छत्री तिच्या आतले पापुद्रे खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा उमटलेला असतो. सात्याचा फिकट गुलाबीसर येतो. हिरवट आला तर छत्री कितीही पांढरीशुभ्र असो, विषारी समजा.