पाटे काढून बलून: मागच्या चार लिंक कशा बसवायच्या

पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) दोन कामं करतो: वजन पेलतो आणि हाउसिंगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचाला, जागेवर धरतो. बलून, म्हणजे हवा भरलेली रबरी स्प्रिंग, फक्त वजन पेलतो. हाउसिंग पुढे-मागे सरकू नये, बाजूला जाऊ नये, ब्रेक मारल्यावर फिरू नये, हे सगळं चार लिंकवर येतं, म्हणजे चासी आणि हाउसिंग जोडणाऱ्या दोन वरच्या आणि दोन खालच्या दांड्यांवर. गाडी तिरकी पळत असेल तर हवा कमी-जास्त करून काही होणार नाही. लिंकची मापं बघा.

आधी कागद आणि गंज. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत विचारूनच कामाला लागा. आणि चासी हातोडीने ठोकून बघा. खाऱ्या हवेत फिरलेली चासी वरून रंगवलेली चांगली दिसते, पण पेटीच्या आतून खाल्लेली असते. आवाज बद्द आला की तो भाग बदलल्याशिवाय तिथे ब्रॅकेट वेल्ड करू नका. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडा आणि बलून गाडीवर ठेवू नका. एक ठिणगी रबराला पुरते.

आता मुख्य गोष्ट: उंची. बलूनच्या डेटाशीटमध्ये चालू उंची (गाडी चालताना बलूनची असायची ती उंची) दिलेली असते. तेवढ्याच मापाचे लोखंडी पाइपचे दोन तुकडे कापा, बलूनच्या जागी ठेवा आणि चासी त्यावर टेकवा. पुढची सगळी मापं याच अवस्थेत घ्यायची. गॅरेजची जमीन सपाट आहे असं गृहीत धरू नका. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही चाकांखाली लेव्हल करा.

खालच्या लिंक या उंचीला जवळपास आडव्या हव्यात. वरच्या लिंक त्यांच्या ७० ते ७५ टक्के लांबीच्या ठेवतात. हाउसिंगवर वरच्या आणि खालच्या लिंकमधलं उभं अंतर टायरच्या व्यासाच्या साधारण पाव भाग. ७०० मिमी टायर असेल तर १७५ मिमी. चासीकडे त्याच्या निम्मं चालतं. वरच्या दोन लिंक व्ही आकारात लावल्या तर त्यांच्यातला एकूण कोन किमान ४० अंश ठेवा, नाहीतर हाउसिंग बाजूला डुलतं. चारही लिंक समांतर असतील तर पॅनहार्ड रॉड (हाउसिंगला बाजूला जाऊ न देणारा आडवा दांडा) लावावाच लागतो. पिकअपसाठी खालच्या लिंकला ४५ मिमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा सीमलेस पाइप आणि १०.९ ग्रेडचे एम १६ बोल्ट घ्या. गॅसचा पाइप वापरू नका.

हाउसिंग काटकोनात आहे का, हे चासीच्या भोकांवरून नाही, ओळंब्याने बघा. चासीवरचे पुढचे दोन बिंदू आणि हाउसिंगची दोन टोकं जमिनीवर उतरवून खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा.

पिनियनचा (हाउसिंगमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या दांड्याचा) कोन चुकला तर गाडीच्या मागून घुमल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश खाली असेल, तर पिनियनचं नाक ३ अंश वर, म्हणजे दोन्ही समांतर. लिंकच्या टोकांत रबरी बुश (पुंगळ्या) असल्यास १ अंश कमी, म्हणजे २ अंश ठेवा, कारण जोर लागला की नाक वर उचलतं. फक्त ओढताना थरथर येते आणि सोडल्यावर थांबते, तर बहुतेक हेच कारण. क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोन ३ अंशांपेक्षा जास्त नको, पण अगदी शून्यही नको. शून्य असेल तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासतात.

बुशचे बोल्ट शेवटी, गाडी या उंचीवर असताना आवळा. हाउसिंग लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग पाइपचे तुकडे काढून बलून बसवा. भरलेल्या बलूनभोवती सगळीकडे २५ मिमी मोकळी जागा हवी, चाक वर-खाली पूर्ण गेल्यावरसुद्धा. वर जाताना आधी बंप स्टॉप (रबरी अडथळा) लागला पाहिजे, खाली जाताना शॉकअप किंवा पट्टा. बलूनने ओढ सहन करायची नाही. दाब काढायचा तर एका बलूनवरचं वजन भागिले परिणामी क्षेत्र (हवा ज्यावर प्रत्यक्ष दाब देते ते): २०० चौ. सेंमी क्षेत्रावर १००० किलो म्हणजे सुमारे ५ बार. डाव्या-उजव्या बलूनला एकच नळी देऊ नका. करूळ किंवा फोंडा घाटाच्या वळणावर हवा दाबल्या बाजूकडून दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. हवा ब्रेकच्या टाकीतून घेत असाल तर प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर बलून फुटला की ब्रेकची हवाही जाईल. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा.

किनाऱ्यावर दमट हवेमुळे टाकीत पाणी भरपूर साचतं, म्हणून ड्रायर लावा आणि टाकीतलं पाणी रोज सोडा. पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. बलून आणि बुश प्लास्टिकने झाकल्याशिवाय ते मारू देऊ नका, तेलाने रबर फुगतं. जांभ्याचा चिखल बलूनच्या घडीत बसून रबर घासतो, तो गोड्या पाण्याने धुवा. ब्रॅकेटच्या तळाला १० मिमीचं भोक ठेवलं की पाणी साचत नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि त्यांवर रंगाची रेघ मारा, म्हणजे सैल झालेला बोल्ट लांबूनही दिसतो.