क्लॅरिनेटवर जिभेचा ‘थप’ आवाज कसा घालवायचा

आधी खुला जी धरा, म्हणजे एकही बोट न लावता निघणारा स्वर. तो आठ मात्रा न डगमगता येत नसेल, तर जिभेकडे वळूच नका.

आता जीभ. स्वर सुरू करताना काय करायचं, ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, ‘जीभ मार.’ या दोन शब्दांत माझी दोन वर्षं गेली. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड केलं, तेव्हा प्रत्येक स्वराआधी दारावर थाप पडल्यासारखं ऐकू आलं. रीड, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरची पातळ पट्टी, वाजते हवेनं. जीभ तिला फक्त अडवते आणि सोडते. स्वर सुरू होतो तो जीभ सुटताना.

म्हणून असं करा. जिभेचा शेंडा रीडच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर खाली अलगद टेकवा आणि पूर्ण जोरानं फुंका. स्वर येता कामा नये, पण दाब तोंडात भरलेला राहिला पाहिजे. दोन सेकंदांनी जीभ नुसती काढून घ्या, पोट ढिलं न सोडता. स्वर स्वच्छ उमटेल. पुन्हा टेकवा, स्वर बंद, दाब तोच. टेकवताना शेंड्याला बारीक गुदगुली झाली की समजा, जागा बरोबर आहे. रोज दहा मिनिटं एवढंच करा.

दुसरी खोड आपल्या भाषेची. इंग्रजी पुस्तकं ‘टी’ म्हणायला सांगतात आणि आपण तो आपल्या ‘ट’नं म्हणतो. मराठी ‘ट’ला शेंडा वर, मागे वळतो. मग तो लांबून येऊन रीडवर आपटणारच. ‘दी’ म्हणा. ‘द’ला जीभ दातांपाशीच राहते, ‘ई’मुळे तिचा मधला भाग उचललेला राहतो. ठसठशीत सुरुवात हवी तिथे ‘ती’. ‘टी’ मात्र कायमचा सोडा.

आरशात हनुवटी बघा. हलत असेल तर जीभ फार मोठी हालचाल करते आहे.

मग मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर, मात्रेला चार स्वर, वेग चार-चारनं वाढवत.

हळू आवाजात वाजवताना हवा तोडू नका, बहुतेकांचा ‘थप’ तिथेच परत येतो. मोझार्टच्या १७९१ मधल्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोचा, म्हणजे क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, दुसरा भाग घ्या. क्लॅरिनेट पहिल्याच मापात (बारमध्ये) हळूच शिरतं. तेवढा एकच स्वर वीसदा सुरू करून रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका.