नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर: अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वेगळ्या वाचू नका

बीएस्सी नर्सिंगला नुकतेच लागलेले ज्युनिअर माझ्याकडे येतात ते बहुतेक एकच तक्रार घेऊन: "ताई, अ‍ॅनाटॉमीची नावंच डोक्यात राहत नाहीत." २०६ हाडं, त्यांवरचे उंचवटे, खाचा, कुठला स्नायू कुठून निघतो नि कुठे चिकटतो, सगळं एकदम अंगावर येतं. फिजिऑलॉजी त्या मानाने गोष्टीसारखी वाचून होते, म्हणून ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत बाजूला पडते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीराची रचना, फिजिऑलॉजी म्हणजे त्याचं काम; एकत्र वाचलं तरच दोन्ही टिकतं.

सुरुवात अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनपासून, म्हणजे शरीराचं वर्णन करताना धरतात त्या ठरलेल्या उभ्या स्थितीपासून करा, आणि ती नुसती वाचू नका, उभं राहून करा. पाय जवळ, हात अंगालगत, तळवे समोर. तळवे समोरच का? आता एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग धरा आणि तळवा मागे फिरवा. तिथल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं रेडियस करंगळीकडच्या अल्नावरून आडवं जाताना जाणवेल. तळवे समोर असले की ही दोन्ही हाडं समांतर राहतात, अंगठा बाहेरच्या बाजूला म्हणजे लॅटरल येतो, आणि 'आतलं-बाहेरचं' यावर वाद उरत नाही. आणखी एक लक्षात ठेवा, डावं-उजवं नेहमी पेशंटचं, तुमचं नव्हे. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हाड हातात दिलं की आधी साइड, म्हणजे डावं की उजवं, सांगायची असते. क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं हाड) असेल तर जाड, गोलसर टोक छातीच्या मध्याकडे आणि चपटं टोक खांद्याकडे, एवढं तरी बोटांना माहीत हवं.

नसा (नर्व्ह) कुठून जातात हे वॉर्डात गेल्यावर किती कामाचं ठरतं ते इंजेक्शन देताना कळतं. पेशंट म्हणतो "कमरेत सुई द्या", आपण देतो नितंबात. तिथे पायाकडे जाणारी मोठी सायॅटिक नर्व्ह आहे, म्हणूनच वरचा-बाहेरचा चतुर्थांश शिकवतात. व्हेंट्रोग्लुटियल जागा (नितंबाच्या बाजूची, पुढच्या अंगाची) त्याहून सुरक्षित, कारण तिथे मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी नाही. ग्रेटर ट्रोकॅन्टर (मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरचा उंचवटा) आणि पुढचा इलियाक स्पाइन (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) बोटांनी शोधता आले की ती जागा आपोआप सापडते. हे स्वतःच्या अंगावर चाचपून बघा, पुस्तकातल्या चित्रात ती जागा कळत नाही.

आता फिजिऑलॉजी. होमिओस्टॅसिसची, म्हणजे शरीराने आतली स्थिती स्थिर राखण्याची, व्याख्या सगळे पाठ करतात आणि तिथेच थांबतात. मी ती अशी समजावते. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७२ ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. डिलिव्हरीनंतर बाईला रक्तस्राव सुरू झाला की दर ठोक्यामागचं रक्त घटतं. मानेतल्या धमनीच्या फुगीर भागात (कॅरोटिड सायनस) आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, एओर्टाच्या, कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात, ती मेंदूला कळवतात. मेंदू ठोके वाढवतो, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळतो. परिणाम: पल्स ११०-१२०, हातपाय गार, घाम, आणि बीपी मात्र अजून ठीकठाक! ज्या मुलीला हे चक्र कळलंय ती "बीपी नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त बसणार नाही, लगेच सिस्टरांना हाक मारेल. बिघाड उलट दिशेने दुरुस्त करण्याच्या या पद्धतीला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. साखर आणि इन्सुलिन, ताप आणि घाम, सगळीकडे तोच हिशोब. बदल त्याच दिशेने आणखी वाढवणाऱ्या पॉझिटिव्ह फीडबॅकची उदाहरणं कमी आहेत, त्यातलं हमखास विचारलं जाणारं प्रसूतीचं: बाळाच्या डोक्याचा सर्व्हिक्सवर (गर्भाशयाच्या मुखावर) ताण आला की ऑक्सिटोसिन हे हार्मोन वाढतं, कळा वाढतात, त्याने ताण आणखी वाढतो. बाळ बाहेर आलं की हे थांबतं.

याच पद्धतीने प्रत्येक अवयवाला 'असाच का?' विचारत जा. हृदयाच्या डाव्या व्हेंट्रिकलची (खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा खूप जाड, कारण उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचं, डावीला पायाच्या अंगठ्यापर्यंत. उजवा ब्रॉन्कस (फुप्फुसात जाणारी श्वासनलिकेची शाखा) जास्त रुंद, आखूड आणि सरळ, म्हणून लहान मुलाने शेंगदाणा गिळताना ठसका लागला तर तो बहुधा उजवीकडे जातो. उजवी किडनी थोडी खाली, वर लिव्हर बसलंय म्हणून.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी समजून घेताना खुशाल मराठीत बोलावं, मैत्रिणीला शिकवावं. मात्र उत्तरपत्रिकेतली नावं इंग्रजीच लागतात, त्यामुळे रोज थोडं स्पेलिंग लिहून काढा. आकृत्या पेन्सिलीने, नावं एकाच बाजूला.

आणि काही गोष्टी या 'का'ला दाद देत नाहीत. मेंदूतून निघणाऱ्या १२ क्रॅनियल नर्व्हचा क्रम, मनगटातली ८ कार्पल हाडं, रक्त गोठण्याचे फॅक्टर. तिथे सरळ रट्टा मारा. आम्हीही तेच केलं.