पुरानंतर मदत वाटायची तर: यादीपासून शेवटच्या चुलीपर्यंत

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फुटांची. खाली शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी एकत्र येतं, त्यामुळे तिथली गावंच्या गावं पाण्यात होती. पाणी उतरू लागलं तसे राज्याच्या कानाकोपऱ्यातून टेम्पो यायला लागले. दुष्काळी पट्ट्यातूनही भाकऱ्या बांधून आल्या.

मी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटपाच्या कामात उतरले. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या घरांत पाच-पाच पिशव्या जाताना पाहिल्या. तिथून दीड किलोमीटर आत, मळ्यातल्या वस्तीवर, चार दिवसांत एकही गाडी पोचली नव्हती, हेही पाहिलं. देणाऱ्यांची माया कमी नव्हती, पण गाडी कुठे थांबवायची हे ठरवून कोणी निघालंच नव्हतं. पुढे २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणकडे गेलो तेव्हा बरंच शहाणपण आलं होतं. त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे.

पहिलं काम यादीचं

गाडी भरण्याच्या आधी दोन माणसं मोटरसायकलवर गावात पाठवा. सोबत एक वही, एक पेन, बाकी काही नाही. साहित्य घेऊन पहिल्यांदा गेलात की गर्दी होते आणि गर्दीत यादी होत नाही.

गावात सरपंच किंवा ग्रामसेवकाला भेटाच, पण तिथेच थांबू नका. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला शोधा. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला साखरेची गोळी चालू आहे, हे त्यांना वहीशिवाय सांगता येतं. पोलीस पाटलाला वाड्या-वस्त्यांची वाट माहीत असते.

मोजताना घर मोजू नका आणि रेशनकार्डही मोजू नका. चूल मोजा. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतात, कार्ड मात्र वडिलांच्या नावावर एकच. कार्डावर वाटलंत तर तीन संसारांना एका संसाराचा शिधा मिळतो आणि भांडण घरात लावून तुम्ही निघून जाता.

यादीतून कायम सुटणारे लोक ठरलेले आहेत. भाड्याने राहणारे, वीटभट्टीवरचे मजूर, पालं टाकून राहिलेली भटकी कुटुंबं, कोकणात कातकरी वाडी, गावाबाहेरची दलित वस्ती, एकटी राहणारी म्हातारी. त्यांची नावं गावठाणातला माणूस आपणहून सांगेलच असं नाही. म्हणून यादी गावाच्या शेवटच्या टोकापासून सुरू करा आणि चावडीकडे या. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वाटपही त्याच क्रमाने करायचं.

वहीत पाच रकाने पुरतात: नाव, वस्ती, चुलीवर जेवणारी माणसं, लहान बाळ किंवा आजारी, आणि सही. आधारकार्डाची झेरॉक्स मागू नका. कागदपत्रं भिजलेली असतात, आणि ती वाळत घातलेल्या माणसाकडे कागद मागणं बरं दिसत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा की ही यादी सरकारी पंचनाम्याची नाही. नाहीतर लोक समजतात की नाव लागलं, आता तलाठ्याकडे जायची गरज नाही, आणि हक्काचं अनुदान हातचं जातं.

काय न्यायचं

गावाला फोन करून विचारा. पूर नुकताच ओसरला असेल तर पहिली गरज अनेकदा धान्याची नसतेच. चिपळूणला घराघरांत गुडघाभर गाळ होता. तिथे फावडी, घमेली, खराटे, बादल्या, गमबूट, फिनेल यांना जे मोल होतं ते गव्हाच्या पोत्याला नव्हतं.

गव्हाचंच बघा. वीज नाही, गिरणीत पाणी शिरलंय, मग गहू दळायचा कुठे? पहिल्या पंधरवड्यात पीठ द्या, तांदूळ द्या, पोहे द्या. गॅस-शेगडी वाहून गेली असेल तर तेही नको. तिथे आधी तयार जेवण किंवा कोरडा फराळ लागतो. भडंग, दशम्या, चिक्की, सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे टिकतंही आणि आपल्या माणसांच्या तोंडाला रुचतंही.

चूल पेटत असेल तर चार माणसांना आठ दिवस पुरेल असा शिधा आम्ही असा भरतो:

- तांदूळ ५ किलो, कणीक ६ किलो, पोहे १ किलो
- तूरडाळ २ किलो, शेंगदाणे १ किलो
- तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो
- चहापावडर पाव किलो, हळद, आणि तिखट किंवा कांदा-लसूण चटणी
- आंघोळीचे व कपड्यांचे साबण, मेणबत्त्या, काडेपेटी

आपत्तीच्या काळात माणशी रोज साधारण २१०० कॅलरी धरतात, त्या हिशोबात हे जवळपास बसतं. डाळ आणि शेंगदाणे कमी करून तांदूळ वाढवण्याचा मोह होतो, कारण तांदूळ स्वस्त पडतो. तो टाळा. सात माणसांच्या चुलीला दोन पिशव्या द्या, दीड नाही.

सॅनिटरी पॅड आणि नवे अंतर्वस्त्र हे वेगळ्या पाकिटात, बाईच्या हातून बाईला. हे कोणी मागणार नाही, म्हणून यादीत आधीच धरायचं.

जुने कपडे नेऊ नका. २०१९ ला शिरोळ भागात त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते, आणि आधीच गाळ उपसून दमलेल्या गावाला ते उचलून टाकावे लागले. कपडे द्यायचेच तर नवे आणि मोजके: साडी, परकर, गाऊन, लुंगी, टॉवेल, चादर, सतरंजी.

बाळाच्या दुधाची पावडर आणि दुधाची बाटली हा विषय नीट समजून घ्या, कारण यात चांगल्या मनाची माणसंच चुकतात. १९९२ च्या कायद्यानुसार या दोन्ही वस्तू अनाथालय सोडून कोणालाही दान म्हणून वाटता येत नाहीत. कारण साधं आहे. पुराच्या पाण्यात धुतलेली बाटली आणि त्याच पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब लावते, आणि बाटली लागली की आईचं दूध आटत जातं. आईला पोटभर खायला द्या आणि अंगावर पाजायला आडोसा द्या. बाळ आधीपासून पावडरीवरच असेल तर आशाताईमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

गोळ्या-औषधंही वाटू नका. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते, पण त्याची गोळी कोणाला आणि किती द्यायची हे आरोग्य खात्यानेच ठरवावं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तीही ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने. प्यायच्या पाण्यासाठी हजार छोट्या बाटल्यांपेक्षा २० लिटरचे जार किंवा टँकर बरा, गावात प्लास्टिकचा ढीगही होत नाही.

पिशव्या भरणं

सगळ्या पिशव्या एकसारख्या हव्यात. एका पिशवीत तेल आणि दुसरीत नाही, असं झालं की गावात बोलणं होतं आणि ते ज्याला मिळालं त्याला ऐकावं लागतं. वरच्या मापाची एक पिशवी साधारण २० किलोची होते. एकट्या म्हातारीला ती उचलत नाही. म्हणून धान्याची एक आणि बाकी सामानाची एक, अशा दोन करा. साबण धान्याच्या पिशवीत घालू नका, पिठाला वास लागतो.

छोटा हत्ती टेम्पो पाऊण टन ओढतो, म्हणजे ३५ ते ३७ चुलींचा माल. वस्ती ४० चुलींची असेल तर दुसरी गाडी काढा. यादीपेक्षा दोन-चार पिशव्या जास्तच ठेवा, कारण कोणीतरी राहिलेलं असतंच.

पिशवीवर कोणाचा फोटो नको. २०१९ ला सरकारी मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो आले तेव्हा लोकांनी बोल लावले. देणाऱ्या मंडळाचं नाव असलं तरी तेच लागू आहे.

निघण्याआधी

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. जिल्ह्याबाहेरून लावत असाल तर आधी त्या भागाचा एसटीडी कोड लावावा लागतो. दोन गोष्टी विचारा: रस्ता चालू आहे का, आणि कोणत्या गावात अजून काही पोचलं नाही. २०१९ ला पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता आणि मालाच्या गाड्या तिथेच अडकल्या. तहसील कार्यालयात आपण कोणत्या गावाला चाललोय याची नोंद केलीत तर तिथेच दुसरी गाडी जाणार नाही.

पाणी असेल तिथे आपण होऊन होडीत बसू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि माणसं गेली. जास्त भरलेली होडी काय करते हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बोटीचं काम बचाव पथकाचं. तुम्ही माल काठावर त्यांच्या ताब्यात द्या.

वाटपाचा दिवस

आदल्या संध्याकाळी यादीतल्या प्रत्येक चुलीला टोकन द्या: आकडा, वस्तीचं नाव आणि वेळ. टोकन हातात असलं की माणसाला धावत यावं लागत नाही.

जमेल तिथे घरपोच द्या. वस्ती लहान असेल तर हे अवघड नाही, तीन माणसं आणि एक गाडी दोन तासांत करतात. गाव मोठं असेल तर शाळा किंवा समाजमंदिर धरा. आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी. माल आत, दाराआड, बाहेरून ढीग दिसणार नाही असा. म्हातारी माणसं, गरोदर बाया, अपंग यांना आधी घ्या आणि बसायला खुर्च्या ठेवा. गाडीच्या फाळक्यावर उभं राहून पिशव्या फेकणं कोणत्याही कारणाने नको. वर पसरलेल्या हातांच्या त्या गर्दीत म्हातारं माणूस मागे राहतं, आणि ज्याच्या हाती पिशवी लागते तोही मान खाली घालून जातो.

सही किंवा अंगठा घरातल्या बाईचा घ्या. शिधा थेट चुलीपाशी जातो.

फोटो काढायचाच तर मालाचा काढा, गाडीचा काढा, वहीच्या पानाचा नको आणि चेहऱ्याचा नको. काल-परवापर्यंत या बाईने दारात आलेल्याला चहा पाजलाय. पिशवी घेताना तिचा फोटो कोणाच्या मोबाईलवर फिरावा असं तिला वाटत नाही.

माल कमी पडणार हे कळलं तर वाटप सुरूच करू नका. अर्ध्या वस्तीला देऊन परत येणं हे न देण्यापेक्षा वाईट, हे मी एकदा करून पाहिलंय आणि त्या उरलेल्या अकरा घरांकडे दुसऱ्या दिवशी जाताना पाय उचलत नव्हते. अशा वेळी लहान वस्ती निवडा आणि ती पुरी करा. यादीबाहेरचं कोणी आलं तर वाद घालू नका. नाव लिहून घ्या, आशाताईला विचारा, आणि जास्तीच्या पिशव्या असतात त्या याचसाठी.

शिजवलेलं अन्न नेत असाल तर

शिजल्यापासून दोन तासांत वाटायला लागा आणि चार तासांत पोटात जाईल असं बघा. खिचडी गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की वाफ धरते आणि आंबते, म्हणून मोठी पातेली झाकून न्या आणि तिथेच वाढा. ओलं खोबरं, दही, बटाट्याची ओली भाजी पावसाळी दमट हवेत टाळलेली बरी. लग्नातलं उरलेलं अन्न नेण्याआधी ते कधी शिजलं ते विचारा, आणि उत्तर नक्की मिळालं नाही तर नेऊ नका. छावणीत जागा असेल तर सर्वांत चांगलं म्हणजे शिधा, गॅस आणि भांडी द्यायची आणि गावच्याच बायकांना चूल मांडू द्यायची. तिखट किती हे त्यांना ठाऊक असतं.

हिशोब आणि दुसरी फेरी

किती रुपये आले, किती पिशव्या भरल्या, कुठे किती दिल्या, किती उरल्या, हे एका कागदावर लिहून देणाऱ्यांना आठ दिवसांत पाठवा. बिलं जपा. संस्थेमार्फत पैसे घेत असाल तर हे सांगून ठेवा की देणगीवरची आयकराची सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती वस्तू दिल्यावर मिळत नाही, आणि रोख २००० रुपयांच्या वर असली तरी मिळत नाही. उरलेल्या पिशव्या परत आणू नका. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात नावानिशी ठेवा, म्हणजे परगावाहून चार दिवसांनी परतलेल्या कुटुंबाला मिळतील.

गाड्यांची गर्दी पंधरा दिवसांत आटते. तेव्हाच पुन्हा जा. तोवर पीठ संपलेलं असतं, रोजगार सुरू झालेला नसतो, पोरांची वह्या-पुस्तकं गाळात गेलेली असतात, गाद्या वाळलेल्या नसतात. यावेळी दारात उभं राहून विचारायला निवांत वेळ असतो. कोणाला शिलाई मशीन दुरुस्त करून हवं असतं, कोणाला शेळीच्या गोठ्यावर पत्रा, कोणाला नुसता शाळेचा गणवेश. वही मात्र जुनीच न्यायची, आणि सहीच्या शेजारी नवा रकाना आखून पुन्हा शेवटच्या घरापासून सुरुवात करायची.