बेळगाव भागात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: रेंज नसलेल्या घरातून वाय-फायवर फोन

चंदगड, गडहिंग्लज, आजरा किंवा त्याहून लांबून बेळगावात नोकरी-शिक्षणासाठी येणारी मंडळी खोली पाहताना पाणी किती दिवसांनी येते, गाडी कुठे लावायची आणि मेस किती लांब आहे, हे न चुकता विचारतात. खोलीच्या आत मोबाइलला रेंज येते का, हे मात्र अनामत रक्कम देऊन झाल्यावर कळते. मी चंदगड तालुक्यातून येऊन या शहरात स्थायिक झालो त्याला आता बरीच वर्षे लोटली आहेत, आणि नवीन आलेल्या गाववाल्यांना खोली पाहून देण्याचे काम हळूहळू माझ्याकडेच येत गेले. त्या अनुभवावरून सांगतो की, घरात ब्रॉडबँड असेल किंवा घेता येणार असेल, तर रेंज नाही म्हणून चांगली खोली सोडू नये. फोनमधील ‘वाय-फाय कॉलिंग’ पहिल्याच दिवशी चालू करावे, आणि ते कोणत्या वेळी साथ देणार नाही, हेही त्याच दिवशी समजून घ्यावे.

रेंज नसण्याची कारणे जागेप्रमाणे बदलतात. शहापूर, वडगाव आणि बाजारपेठेतील जुन्या गल्ल्यांमधली घरे अरुंद आणि खोल आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, उजेड पुढच्या आणि मागच्या दारातून, आणि भाड्याने मिळते ती बहुधा मधली खोली. टॉवर अगदी चौकात असला तरी दोन-तीन जाड भिंती ओलांडताना त्याची लहर क्षीण होते, म्हणूनच संध्याकाळी गच्चीवर फोन धरून उभी असलेली मुले या गल्ल्यांत हटकून दिसतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे आणि भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत, भिंतींचा प्रश्न नसून डोंगर आणि झाडीचा आहे. गाव खोलगटात असले की टॉवर असूनही उपयोगाचा राहत नाही. सीमेलगतच्या गावांत आणखी एक गुंता होतो. दूरसंचाराच्या हिशेबाने महाराष्ट्र व गोवा हे एक मंडळ आहे आणि कर्नाटक हे दुसरे, त्यामुळे वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीच्या आसपास किंवा निपाणीच्या पुढे कोगनोळीकडे फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा, आणि दोन्ही अशक्त असले तर नुसताच घुटमळत बॅटरी संपवतो.

वाय-फाय कॉलिंगमध्ये आपला फोन टॉवरऐवजी घरातील इंटरनेटमार्फत आपल्याच मोबाइल कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो. सिमकार्डाच्या आधारे कंपनी आपली ओळख पटवते, फोन आणि कंपनीचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये एक सांकेतिक मार्ग तयार होतो, आणि त्यातून आपला आवाज जातो. पुढे तो फोन इतर कोणत्याही फोनसारखाच चालतो: क्रमांक आपलाच दिसतो, डायल नेहमीच्याच पद्धतीने करायचे असते आणि वेगळे ॲप घ्यावे लागत नाही. ज्यांचे वाय-फाय आपण वापरतो त्या घरमालकांना आपले बोलणे ऐकू जाईल का, अशी शंका मुली आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला त्या सांकेतिक मार्गातील बोलणे उलगडता येत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

‘मग व्हॉट्सॲपवरून फोन होतोच की,’ असे म्हणणाऱ्यांनी समोरच्या माणसाचा विचार करावा. व्हॉट्सॲपला दोन्ही बाजूंना स्मार्टफोन आणि दोन्ही बाजूंना इंटरनेट लागते. वाय-फाय कॉलिंगला ते फक्त आपल्या बाजूला लागते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक पूर्वापार चालत आलेली आहे, आणि गडहिंग्लजकडून खानापूरच्या एखाद्या गावात लग्न होऊन आलेल्या मुलीच्या माहेरी आईजवळ बहुतेक वेळा साधा बटणांचाच फोन असतो. त्या फोनवर इकडची घंटी वाजते आणि तिकडून आईने लावलेला फोनही इथे घरात घेता येतो, हा या सोयीचा सर्वांत मोठा लाभ मी मानतो. बँक, दवाखाना, गॅस एजन्सी, टोल-फ्री क्रमांक यांनाही असाच फोन लागतो.

यासाठी जादा पैसे पडत नाहीत. आपल्या रिचार्जमध्ये बोलण्याची जी सवलत आहे तीच इथे लागू होते. याचा दुसरा अर्थ असा की रिचार्ज संपला तर घरात कितीही वेगवान इंटरनेट असले तरी आपल्याकडून फोन लागणार नाही. बोलण्याला डेटा एका मिनिटाला साधारण एक एमबी इतकाच खर्च होतो, त्यामुळे मालकांच्या जोडणीवर आपला भार पडत नाही, हे त्यांना निःसंकोच सांगावे. बेळगावचा ०८३१ आणि कोल्हापूरचा ०२३१ यांच्यामध्ये बोलण्यासाठी एस.टी.डी. बूथवर मीटरकडे डोळे लावून बसणारी पिढी अजून हयात आहे. त्यांना ही फुकटाई अजूनही खरी वाटत नाही.

भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरापासून ही सेवा सुरू केली, आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ती देशभर आणली. व्होडाफोन आयडियाने डिसेंबर २०२० पासून एकेक मंडळ घेत ती वाढवली. एअरटेलची सेवा आरंभी त्यांच्याच ब्रॉडबँडवर चाले. पुढे ती मर्यादा उठली, म्हणून घरात कोणाची जोडणी आहे याला आता फारसे महत्त्व नाही. हँडसेट मात्र या सोयीचा असला पाहिजे आणि त्यात व्होल्टे, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालू असले पाहिजे. महाराष्ट्रातले सिम घेऊन इथे राहणाऱ्यांनी आपल्या कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘कर्नाटकात राहून या सिमवर वाय-फाय कॉलिंग चालेल का’ एवढा एकच प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावा, कारण दुकानदार याचे उत्तर अंदाजाने देतात.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधील मोबाइल सेवेच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ असते. अँड्रॉइडमध्ये ते नेटवर्कच्या किंवा सिमच्या पानावर मिळते, सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमध्येही. कुठेच सापडले नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत तेच शब्द लिहावेत. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी ते स्वतंत्रपणे चालू करावे लागते. इथे बहुतेकांकडे एक महाराष्ट्राचे आणि एक कर्नाटकाचे सिम असते, एकावर चालू केले की दुसऱ्यावरही झाले असे ते समजतात, आणि माहेरचे फोन येतात नेमके त्या दुसऱ्या क्रमांकावर.

चालू केल्यावर विमान मोड लावावा, त्यातच वाय-फाय पुन्हा सुरू करावे, मिनिटभर थांबावे आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन लावावा. टॉवरशी संबंध तुटलेला असताना फोन लागला, तर तो वाय-फायवरूनच लागला यात संशय उरत नाही. ही परीक्षा खोली ठरवण्यापूर्वी, मालकांकडून पासवर्ड मागून, त्याच खोलीच्या आतल्या कोपऱ्यात उभे राहून घेता आली तर उत्तमच. काका-काकू म्हणून अदबीने विचारले तर पासवर्डला नाही म्हणणारे मालक मला तरी क्वचितच भेटले आहेत. इंटरनेटच्या मासिक बिलात आपला वाटा किती, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. विमान मोडचा आणखी एक उपयोग आहे. काही हँडसेट एका काडीएवढी रेंज मिळाली तरी टॉवरलाच चिकटून राहतात आणि बोलणे तुटत राहते. सेटिंगमध्ये ‘वाय-फायला प्राधान्य’ असा पर्याय असेल तर तो निवडावा, नसेल तर घरात असेपर्यंत विमान मोड ठेवून वाय-फाय चालू राहू द्यावे.

परीक्षा फसली तर दोष बहुधा राउटरच्या जागेत असतो. मालकांचा राउटर पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी आणि आपली खोली माडीवर मागे, अशी परिस्थिती असेल तर ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क धरावे. त्याचा वेग कमी असतो, पण ते भिंतींतून अधिक दूर जाते आणि बोलण्यासाठी तेवढे पुरते. वेगाची हाव इथे कामाची नाही. आवाज अडखळतो तो वेग कमी पडल्याने नव्हे, तर जोडणीत अनियमितता असल्याने. कोणी त्याच वेळी मोठमोठे व्हिडिओ चढवत असेल तर ती अनियमितता लगेच कानाला जाणवते. वसतिगृहांत आणि कंपन्यांत मात्र दोष राउटरच्या जागेचा नसून व्यवस्थापनाच्या बंधनांचा असतो. जिथे वाय-फायसाठी आधी एका पानावर नाव आणि क्रमांक टाकावा लागतो, तिथे ते टाकेपर्यंत वाय-फाय कॉलिंग नोंदले जात नाही. काही ठिकाणी त्या सांकेतिक मार्गाला लागणारी यूडीपीची ५०० आणि ४५०० क्रमांकांची पोर्ट बंद केलेली असतात. तेथील संगणक विभागाला हे दोन क्रमांक सांगून ती उघडण्याची लेखी विनंती करावी. ‘माझा फोन लागत नाही’ अशा तक्रारीपेक्षा या विनंतीचा परिणाम लवकर होतो. फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारे ॲप) चालू असेल तर तेही बंद करून पाहावे.

आता पावसाळा. जूनमध्ये नवीन आलेल्या माणसाला बेळगावचा पाऊस आवडतो आणि जुलैमध्ये त्याचा अर्थ कळतो. खानापूरच्या पश्चिमेला झाड पडून वीज जाणे ही नित्याची बाब आहे, आणि इथल्या वीज कंपनीचे, हेस्कॉमचे, कर्मचारी कितीही धावपळ करोत, जंगलातील वाहिनी जोडायला वेळ लागतोच. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीला वीज एक्स्चेंजमधूनच मिळत असे, ४८ व्होल्टची, त्यामुळे गावात अंधार असला तरी तो वाजत असे. फायबरमधून केवळ प्रकाश येतो. वीज गेली की फायबर ज्याला जोडलेला असतो तो घरातील डबा बंद, आणि डबा बंद की वाय-फाय कॉलिंगही बंद. यावर उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते पाहून, बहुतेकांवर १२ असते, तेवढ्याचाच यूपीएस घ्यावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, हे दुकानात विसरू नये. जोडणी घेतानाच आणखी एक गोष्ट विचारावी: फायबर थेट घरात येतो, की गल्लीतील पेटीपर्यंत फायबर आणि तिथून साधी लॅनची वायर? दुसऱ्या प्रकारात त्या पेटीलाही वीज लागते, आणि आपला यूपीएस चालू असूनही इंटरनेट बंद पडते. केबलवाले हे आपणहून सांगत नाहीत.

बोलता बोलता घराबाहेर पडण्याची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, बाहेर चांगली ४जी रेंज असेल तर चालू फोन वाय-फायवरून टॉवरवर सहसा न तुटता जातो. बाहेर नुसती २जी रेंज असेल तर तो तुटतो. गावाकडे महत्त्वाचे बोलणे चालू असेल तर उंबरठ्याच्या आतच पूर्ण करावे.

बँकेचे ओटीपी वाय-फायवरून येतातच असे गृहीत धरू नये. ज्या दिवशी घाई नाही अशा दिवशी विमान मोडमध्ये एखादा ओटीपी मागवून पाहावा. येत नसेल तर पैसे पाठवण्याचे काम रेंज असलेल्या जागी करावे. जुना महाराष्ट्राचा क्रमांक बँकेला आणि आधारला जोडलेला असल्याने तो घाईने बंद करू नये. ३ जुलै २०१५ पासून देशात कुठेही क्रमांक न बदलता सेवा बदलता येते, तेव्हा वाय-फाय कॉलिंगसाठी कंपनी बदलावी लागलीच तरी ‘PORT’ असे इंग्रजीत लिहून आणि पुढे आपला क्रमांक देऊन १९०० वर संदेश पाठवावा, म्हणजे त्यासाठीचा कोड मिळतो.

आपत्कालीन फोनसाठी मात्र वाय-फायवर विसंबू नये. ११२ लावल्यावर फोन आधी टॉवर शोधतो, आपल्या कंपनीचा नसेल तर दुसऱ्या कंपनीचाही धरतो, आणि ते हिताचेच आहे, कारण टॉवरवरून आपला ठावठिकाणा काहीसा कळतो. वाय-फायवरून गेलेल्या फोनला तो आधार नसतो. सीमेवर तर टॉवरही पलीकडच्या राज्याचा असू शकतो. म्हणून फोन उचलला जाताच राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव या क्रमाने सांगावे. नुसते ‘खानापूर’ सांगू नये, कारण खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका’ असे पूर्ण सांगावे. घरातील वृद्धांना आणि नव्या सुनेला हे एका कागदावर मराठीत लिहून, त्याखाली शेजाऱ्यांचा क्रमांक घालून, राउटरच्या वरच्या भिंतीवर चिकटवून द्यावे.