दीपकाडी वाचवायला निघालात? या चुका टाळा

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पहिला पाऊस मुरला की दीपकाडी या कंदातून उगवणाऱ्या रानझाडाला पांढरी फुलं येतात. पाठोपाठ संवर्धन करणारेही येतात, आणि बऱ्याच जणांच्या हातात खुरपं असतं.

फुलावर आलेला कंद उपटून 'सुरक्षित' जागी नेणं ही सगळ्यांत लाडकी चूक. रस्त्यासाठी सडा फोडणार असं कानावर आलं म्हणून एका हौशी गटाने ऐन फुलोऱ्यात कंद काढले. ते कातळाच्या भेगांत घट्ट बसलेले, त्यामुळे बरेच खुरप्याने चिरले. उरलेले शेणखत घातलेल्या कुंड्यांत गेले आणि थंडीभर त्यांना रोज प्रेमाने पाणी मिळालं. पाऊस सरला की दीपकाडीची पानं वाळतात आणि कंद पुढच्या पावसापर्यंत कोरड्या मातीत निजतो. त्या काळात पाणी म्हणजे कुजणं. उन्हाळ्यात कुंड्या उकरल्या तर हाताला लिबलिबीत लगदा लागला. आणि रस्ता? तो सड्याला हात न लावता खालून गेला.

हलवणं खरोखरच अटळ असेल तर मी पानं पिवळी पडेपर्यंत थांबतो. फुलं असतानाच शेजारच्या दगडावर रंगाचा ठिपका देऊन ठेवतो, नाहीतर नंतर कंद सापडत नाही. मग भोवतालच्या मातीसकट, तेवढ्याच खोलीवर, जवळच्या तशाच सड्यावर. बागेत नाही.

त्याहून बरं म्हणजे बी. बोंडं उकलायला लागली की बऱ्याच झाडांचं थोडं थोडं घ्यायचं, बाकीचं जागेवर सोडायचं. ते काळं चपटं बी जुनं होऊ न देता सड्याच्याच मुरमाड मातीत पेरायचं. फूल दिसायला काही पावसाळे जातात. तेवढा दम नसेल तर झेंडू लावा.

एकाच कंदाची पिल्लं वाढवून 'शंभर झाडं केली' म्हणून मिरवू नका. ते एकच झाड शंभर वेळा आहे.

सड्यावर वृक्षारोपण हा प्रकार पाहिला की माझं डोकं फिरतं. कागदोपत्री सडा बहुधा 'पडीक', म्हणून जिथे वीतभर माती नाही तिथे यंत्राने खड्डे मारून बाहेरची माती भरतात. तिच्याबरोबर तण येतं, पाणी वाहायच्या वाटा बदलतात. रोप जगलं तर सावली पडते, मेलं तरी खड्डा राहतो, आणि उन्हात वाढणाऱ्या कंदांचं दोन्हीकडून नुकसान.

चराई पूर्ण बंद करणंही डोळे मिटून करू नये. गवत माजलं की बुटक्या झाडांना ऊन मिळत नाही. साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठाराला घातलेल्या कुंपणावरून हाच वाद झाला.

एका वर्षाची फुलं मोजून 'संख्या घटली' असा अहवाल लिहू नका. कंद एखाद्या वर्षी नुसती पानंच काढतो. ठरावीक चौकोन आखा, पानं आणि फुलं दोन्ही मोजा, दर पावसाळ्यात तिथेच जा.

नमुन्यासाठी कंद उपटायची गरज नसते. बहुतेक वेळा चांगले फोटो पुरतात. ते नेटवर टाकताना नेमकं ठिकाण देऊ नका. जिल्हा लिहिला तरी पुरे.